लेओश यानाचेक : सातशे पत्रं आणि जाळलेली उत्तरं

केतकी_व (धागाकर्ती)

संगीतकारांची पत्रं आपण बहुतेक वेळा चरित्राला पुरवणी म्हणून वाचतो. तारखा जुळवायला, कोण कुणावर रागावलं होतं ते कळायला. चेक संगीतकार लेओश यानाचेकने कामिला स्टोस्लोवा या बाईला लिहिलेली पत्रं तशी वाचून भागत नाही. त्याच्या शेवटच्या अकरा वर्षांतलं जवळजवळ सगळं मोठं काम या पत्रांच्या सोबतीने उभं राहिलं, आणि एक स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना) तर त्याने सरळ त्यांच्यावरच बेतलं. जॉन टायरेल यांनी १९९४ मध्ये ही पत्रं इंग्रजीत आणली. सध्या मी तेच भाषांतर वाचते आहे, आणि ज्या आठवड्यातलं पत्र असेल त्या सुमारास तो काय लिहीत होता ते संगीत लावून ऐकते आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी माणूस. जन्म ३ जुलै १८५४, मोरावियातलं हुक्वाल्दी गाव. वडील शाळामास्तर, आजोबाही शाळामास्तर. घरी खाणारी तोंडं बरीच, म्हणून अकराव्या वर्षी पोराला ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात गाणारा मुलगा म्हणून ठेवलं. तिथे पावेल क्रीझकोव्हस्की या संगीतकार-संन्याशाच्या हाताखाली तो शिकला. वाटाण्याच्या झाडांवरचे प्रयोग करणारा ग्रेगोर मेंडेल याच मठातला. तो १८६८ मध्ये मठाधिपती झाला आणि जानेवारी १८८४ मध्ये वारला तेव्हा अंत्यविधीचं संगीत यानाचेकने सांभाळलं.

पुढे प्राग, लाइपझिग, व्हिएन्ना इथे थोडंथोडं शिक्षण झालं, पण परत येऊन रुजला तो ब्रनोतच. १८८१ मध्ये तिथे ऑर्गन स्कूल काढलं आणि १९१९ मध्ये त्याचं सरकारी कंझर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) रूपांतर होईपर्यंत ते चालवलं. जोडीला शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयातली नोकरी होतीच. १९२० ते १९२५ या काळात प्राग कंझर्व्हेटरीचा रचनेचा उच्च वर्ग ब्रनोत भरायचा, त्याचा तो प्राध्यापक होता. थोडक्यात, पोटापाण्यासाठी जन्मभर मास्तरकी. रचनाकार म्हणून बाहेरच्या जगाने त्याला ओळखलं ते साठी उलटल्यावर.

उशीर का झाला, त्याची गोष्ट जीव जाळणारी आहे. ‘येनूफा’ हा त्याचा ऑपेरा ब्रनोत २१ जानेवारी १९०४ ला रंगमंचावर आला आणि चाललाही. पण चेक संगीताची खरी मान्यता प्रागच्या नॅशनल थिएटरची. तिथे कारेल कोव्हार्झोव्हिट्स प्रमुख होता, आणि १८८७ मध्ये यानाचेकने त्याच्या एका ऑपेरावर कडक टीका छापली होती. ‘येनूफा’ नाकारला गेला. त्या एकाच दारापुढे बारा वर्षं गेली. लुहाचोव्हित्से इथल्या आरोग्यस्थानाचे डॉ. वेसेली आणि त्यांची गायिका पत्नी मारी काल्मा-वेसेला यांनी मध्ये पडून सारखा पिच्छा पुरवला, तेव्हा २६ मे १९१६ ला तो प्रागमध्ये झाला, तोही कोव्हार्झोव्हिट्सने वाद्यमेळात फेरफार केल्यावरच. प्रागचे लेखक माक्स ब्रोड (काफ्काचे मित्र) यांनी तो ऐकून भारावून लेख लिहिला, जर्मन भाषांतर केलं, आणि १९१८ मध्ये ‘येनूफा’ व्हिएन्नात पोचला. ब्रोडशी पत्रव्यवहार पुढे शेवटपर्यंत चालला. तो कामाचा पत्रव्यवहार: शब्द बदला, हा प्रवेश कापा, मी कापणार नाही, वगैरे.

आता मूळ विषय.

जुलै १९१७ मध्ये लुहाचोव्हित्से इथेच त्याला कामिला स्टोस्लोवा भेटली. तो ६३ वर्षांचा, ती २५ वर्षांची. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या डेव्हिड स्टोसेलची बायको, दोन मुलांची आई. पुढे हे कुटुंब दक्षिण बोहेमियात पीसेक गावी राहिलं. यानाचेक १२ ऑगस्ट १९२८ ला वारला. या अकरा वर्षांत त्याने तिला ७०० हून जास्त पत्रं लिहिली, शेवटच्या दीड वर्षात तर जवळजवळ रोज एक.

ही नुसती प्रेमपत्रं आहेत असं समजून वाचायला घेतली तर पहिली काही वर्षं कंटाळा येईल. पत्रं बरीचशी एकतर्फी आहेत. तिला संगीतात फारसा रस नव्हता, उत्तरं उशिरा यायची, कधी महिनाभर यायचीच नाहीत, आणि आली तर घरातली कामं, मुलांची दुखणी, हवापाणी. तो तक्रार करतो, रुसतो, मग पुन्हा लिहितो. आणि लिहिताना सांगत राहतो की आज मी अमुक प्रवेश लिहिला आणि त्यात तू आहेस. ‘हरवलेल्या माणसाची डायरी’ या गीतमालिकेतली जिप्सी मुलगी झेफ्का म्हणजे ती. ‘कात्या काबानोव्हा’ या ऑपेराची नायिका म्हणजे ती. ‘माक्रोपुलोस’ या ऑपेरातली ३३७ वर्षं जगलेली, कुणावरच जीव न जडणारी एमिलिया मार्टी, तीसुद्धा तीच. मला हे शेवटचं फार बोलकं वाटतं. तिचं न लिहिणं, तिचा थंडपणा हेही त्याने वाया जाऊ दिलं नाही.

१९२७ मध्ये सूर बदलतो. तो तिला ‘तुम्ही’ऐवजी ‘तू’ म्हणू लागतो, तिचीही उत्तरं वाढतात. आणि २९ जानेवारी १९२८ ला तो दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट लिहायला घेतो आणि १९ फेब्रुवारीला संपवतो. तीन आठवडे! या तीन आठवड्यांतली पत्रं म्हणजे रचनेची रोजनिशीच आहे. पहिला भाग तिला प्रथम पाहिलं तेव्हाच्या ठशाचा, दुसरा लुहाचोव्हित्सेच्या उन्हाळ्याचा, तिसऱ्यात आनंद आणि मग तिची प्रतिमा, शेवटच्यात तिच्याबद्दलची धास्ती आणि ओढ. नाव आधी ‘प्रेमपत्रं’ ठरलं होतं. मग त्याने ते ‘खाजगी पत्रं’ केलं, कारण आपल्या भावना मूर्खांच्या हाती द्यायच्या नव्हत्या. व्हायोलाच्या जागी त्याला व्हायोला द’आमोर हवा होता, केवळ नावातल्या ‘आमोर’पायी, म्हणजे प्रेमापायी. मे-जूनमध्ये मोरावियन क्वार्टेटच्या वादकांनी घरी येऊन वाजवून दाखवलं, तेव्हा ते वाद्य बाकीच्यांत मिसळेना. प्रेमाचा हट्ट बाजूला ठेवून त्याने साधा व्हायोला घेतला. कान शेवटी मास्तरचा.

आणि तिची उत्तरं? तिने सांगितलं जाळा, आणि त्याने जाळली. जाळताना किती जिवावर आलं तेही तिलाच लिहून कळवलं. पन्नासच्या आसपास तेवढी वाचली. म्हणजे आपल्यासमोर अकरा वर्षांचा संवाद आहे आणि त्यातला एकच आवाज ऐकू येतो. मला वाटतं ही पत्रं वाचताना हे एका क्षणासाठीही विसरू नये. कामिला कशी होती हे आपण त्याच्या तोंडून ऐकतो, आणि तो तिला पात्रांमध्ये बसवत होता.

इथे पाश्चात्त्य संगीत ऐकणारे बरेच जण आहेत. तुमचं ऐकणं-वाचणं जरूर लिहा.

---

सावनी

सुंदर लेख. पण केतकीताई, त्याची बायको कुठे आहे यात? ६३ व्या वर्षी तो अविवाहित नक्कीच नसणार.

---

केतकी_व

सावनी, बरं झालं विचारलंस. तिच्यावर वेगळं लिहायचंच होतं.

झ्देन्का शुल्झोव्हा. शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाचे संचालक एमिलियन शुल्झ यांची मुलगी आणि यानाचेकची पियानोची विद्यार्थिनी. १८७९ च्या शरद ऋतूत तो लाइपझिगला शिकायला गेला तेव्हा ती १४ वर्षांची होती. तिथून तो तिला रोज पत्रं लिहायचा, जर्मनमध्ये, कारण तिच्या घरचं वळण जर्मन. वर्गात आज काय शिकवलं, कुठला फ्यूग लिहिला, जेवायला काय होतं, आणि तू का लिहीत नाहीस. तिच्यासाठी पियानोवर ‘झ्देन्का व्हेरिएशन्स’ही रचली. १३ जुलै १८८१ ला लग्न झालं, तेव्हा तिला सोळावं पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते.

म्हणजे पत्रांतून एका बाईच्या मागे लागणं, तिला उत्तर उशिरा का म्हणून जाब विचारणं आणि तिच्यासाठी रचना करणं, हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलं होतं. लाइपझिगची पत्रं आणि पीसेकला पाठवलेली पत्रं लागोपाठ वाचली की अंगावर येतं.

मुलगा व्लादिमीर अडीच वर्षांचा असताना १८९० मध्ये गेला. मुलगी ओल्गा १९०३ मध्ये विसाव्या वर्षी. १९१६ मध्ये ‘येनूफा’च्या प्राग प्रयोगात कॉस्टेल्निचकाची (येनूफाच्या सावत्र आईची) भूमिका करणाऱ्या गाब्रिएला होर्वातोव्हाशी यानाचेकचं प्रकरण सुरू झालं, तेव्हा झ्देन्काने जीव द्यायचा प्रयत्न केला. जानेवारी १९१७ मध्ये दोघांनी आपसात करार केला. कायद्याने घटस्फोट नाही, पण संसार संपला. राहायचं मात्र एकाच घरात. त्याच वर्षी जुलैत कामिला.

झ्देन्काने म्हातारपणी आपल्या आठवणी सांगून लिहवून घेतल्या. त्या चेकमध्ये छापून यायला १९९८ उजाडलं. त्यात कडवटपणा आहे, पण न्यायबुद्धीही आहे. सुरुवातीला कामिला तिलाही आवडली होती. महायुद्धाच्या टंचाईत स्टोसेल त्यांना खाण्यापिण्याचं सामान मिळवून द्यायचा, त्यामुळे दोन्ही घरांत येणंजाणं होतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की ‘उतारवयात प्रेमाने पुन्हा फुललेला कलावंत’ ही गोष्ट कार्यक्रमपत्रिकांमध्ये फार गोड करून सांगितली जाते. ती त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीतून कशी दिसत होती हे झ्देन्काने सांगितलंय, आणि ते वाचल्याशिवाय क्वार्टेटची गोष्ट पुरी होत नाही.

---

सावनी

चौदा! धन्यवाद ताई. आता क्वार्टेट ऐकेन तेव्हा हे डोक्यात राहणार.

---

मुकुंद सांगलीकर

लेख आवडला. यानाचेक म्हटलं की बोलण्यातल्या सुरांचा उल्लेख हवाच, तो आपल्या लेखात आला नाही म्हणून भर घालतो.

१८९७ च्या सुमारापासून हा माणूस खिशात वही ठेवून लोकांच्या बोलण्याची स्वरलिपी करत हिंडायचा. बाजारातली बाई, स्टेशनवरचा हमाल, शाळेतली पोरं, कोंबड्या, पक्षी. प्रत्येक टिपणावर तारीख, जागा, कोण कुणाला काय म्हणालं, हवा कशी होती. अशी हजारो टिपणं आहेत. पुढे तर बोलण्याच्या तुकड्याचा काळ मोजायला त्याने हिपचा क्रोनोस्कोप वापरला, म्हणजे सेकंदाचे बारीक भाग दाखवणारं प्रयोगशाळेतलं घड्याळ.

त्याला यातून हवं काय होतं? आपल्याकडचं उदाहरण घेऊ. संध्याकाळी वेळेवर घरी आलेल्या मुलाला आई “आलास?” म्हणते आणि रात्री दीड वाजता दार उघडून “आलास?” म्हणते. अक्षरं तीच. चढउतार, लांबी, मधली थांब सगळी वेगळी. यानाचेकचं म्हणणं असं की माणसाच्या आत काय चाललंय ते या चढउतारात उघडं पडतं, आणि ऑपेरा लिहिणाऱ्याने ते शिकलं पाहिजे. टिपलेले तुकडे तो ऑपेरात जसेच्या तसे घालत नसे. चित्रकार माणसांची स्केचेस करून हात तयार करतो तसा तो कान तयार करत होता.

मी नाट्यसंगीतात वाढलेला माणूस. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते, अमुक पदाची किंवा अमुक चिजेची. आधी चाल, मग तिच्यात बसणारे शब्द. त्यातून आपल्याला अमाप वैभव मिळालं. यानाचेकचा रस्ता नेमका उलटा. आधी बोलणं, मग त्यातून निघणारा सूर. त्यामुळे ‘येनूफा’ पहिल्यांदा ऐकताना मला गाणं सापडेचना, सगळे तुकडेच. चेक शब्द आणि अर्थ समोर ठेवून ऐकलं तेव्हा एकेक तुकडा बोलायला लागला.

---

निषाद_कोमल

+१ मुकुंदकाका. त्याच्या वाद्यसंगीतातही हे जाणवतं. छोटासा तुकडा, मग तोच पुन्हा, मग जरा वेगळा, मग एकदम तिसरंच काही. जर्मन पद्धतीचा लांबलचक विस्तार नाहीच. माणसं बोलताना मध्येच विषय बदलतात तसं.

---

रेवा जोगळेकर

मला या वह्यांबद्दल एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्टच लिहिते. मुलगी ओल्गा मरणाच्या दारात असताना यानाचेक तिच्या शेवटच्या शब्दांची, उसाशांची स्वरलिपी करत होता. पोटची पोर जात्येय आणि बाप पेन्सिल घेऊन बसलाय. हे मला सहन होत नाही. कलेसाठी काहीही, याचं हे टोक आहे.

---

केतकी_व

रेवाताई, तुमची तिडीक समजते. पण मला ते तसं दिसत नाही.

ओल्गा १९०२ मध्ये रशियन शिकायला पीटर्सबर्गला काकांकडे गेली आणि तिथे तिला टायफॉइड झाला. तिला परत आणलं, पण ती सावरली नाही. २६ फेब्रुवारी १९०३ ला गेली. त्याच दिवसांत ‘येनूफा’ पूर्ण होत आला होता. तिला माहीत होतं की आपण तो रंगमंचावर ऐकणार नाही, म्हणून तिने वडिलांना म्हटलं, मला वाजवून दाखवा. त्याने पियानोवर बसून तो तिला ऐकवला. झ्देन्काने हे सांगितलंय, आणि ती नवऱ्याची बाजू घेऊन सांगणारी बाई नव्हे. ऑपेरा त्याने ओल्गाच्या स्मृतीला अर्पण केला. ‘येनूफा’त एक तान्हं मूल मरतं, आणि दोन मुलं गमावलेला बाप ते लिहीत होता.

ज्या माणसाला आवाजात माणूस दिसायचा, त्याने मुलीचा आवाज जमेल तसा धरून ठेवला. दुसरं काही धरून ठेवण्यासारखं त्याच्या हातात उरलं नव्हतं. ज्याच्या हातात जे असतं त्यानेच तो शोक करतो. ती वही त्याने छापायला दिली नाही, आपल्याजवळ ठेवली.

---

रेवा जोगळेकर

आदर ठेवूनही मला अजून पटत नाही. त्याने जवळ ठेवली, पण आज ती आपण वाचतोय. कामिलाच्या पत्रांचंही तेच. तिने ‘जाळा’ म्हटलं होतं ते आपलं खाजगी बोलणं चव्हाट्यावर येऊ नये म्हणूनच ना? मग त्याने लिहिलेली सातशे पत्रं छापणं म्हणजे तिच्या इच्छेला अर्धी आग आणि अर्धा छापखाना.

---

मुकुंद सांगलीकर

रेवाताई, मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक बाजू सांगतो. तिच्याकडची त्याची पत्रं तिने स्वतः जाळली नाहीत. १९३५ मध्ये ती कॅन्सरने गेली, तोवर ती सांभाळलेली होती. तिला नको असती तर एक काडी पुरली असती. आणि पुरी पत्रं चेकमध्ये छापली गेली ती १९९० मध्ये, स्वातावा प्रिबानोव्हा यांनी संपादित करून. तोवर तिघांनाही जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

---

ब्रनोकर

मी कामानिमित्त इथे ब्रनोत राहतो, त्यामुळे इथलं थोडं.

यानाचेकचं घर शहराच्या मध्याजवळच आहे. ऑर्गन स्कूलच्या आवारातल्या बागेत १९१० मध्ये हे छोटं बैठं घर बांधून तो आणि झ्देन्का राहायला आले. आता ते संग्रहालय आहे. आत त्याचा एअरबार कंपनीचा पियानो आणि लिहायचं टेबल आहे. केतकीताईंनी ‘दुसऱ्या खोलीतून’ असं लिहिलंय ते इथे आल्यावर शब्दशः पटतं. घर इतकं लहान आहे की एका खोलीतला पियानो दुसरीत ऐकू न येणं शक्यच नाही. ते क्वार्टेट त्याने लिहिलं तेव्हा ते झ्देन्काच्या कानावर पडतच असणार.

त्याची हस्तलिखितं बघायला मिळाली तर सोडू नका. उतारवयात त्याने छापील रेघांचा कागद वापरणं सोडलं होतं. कोरा कागद घ्यायचा आणि लागतील तेवढ्याच पाच-पाच रेघा हाताने ओढायच्या. रेघा वाकड्या, मध्येच तुटलेल्या. कारण असं सांगतात की छापील कागदावर रिकाम्या ओळी दिसल्या की त्या भरायचा मोह होतो. ज्या वाद्याला काही म्हणायचं नाही त्याला ओळच द्यायची नाही. त्याचा वाद्यमेळ असा विरळ आणि टोकदार का ऐकू येतो, ते त्या एका पानावर कळतं. नक्कल करणाऱ्यांचे मात्र हाल झाले असतील, अक्षर भयंकर आहे.

त्याची कागदपत्रं इथल्या मोरावियन म्युझियममध्ये आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने यानाचेक संग्रहाला जागतिक स्मृती नोंदवहीत घेतलं.

---

शमिका

ब्रनोकर, हाताने ओढलेल्या रेघांचं वाचून अंगावर काटा आला.

मला टागोरांचा धागा जोडायचा आहे. जून १९२१ मध्ये रवींद्रनाथ प्रागला आले होते. यानाचेक त्यांचं भाषण ऐकायला गेला आणि ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या ब्रनोच्या दैनिकात त्याने त्यावर लेख लिहिला. त्या लेखात टागोरांच्या बोलण्याची स्वरलिपी दिलेली आहे! हे दैनिक त्याचं हक्काचं व्यासपीठ, तिथे तो वर्षानुवर्षं असे लेख लिहायचा.

पुढच्या वर्षी त्याने टागोरांची एक कविता पुरुषवृंदासाठी रचली, ‘भटका वेडा’. कविता परिसाच्या शोधातल्या वेड्याची आहे. समुद्रकाठी हिंडत तो एकेक दगड उचलतो, कमरेच्या लोखंडी साखळीला लावतो आणि फेकून देतो. इतकी सवय होते की साखळीकडे बघणंही सोडतो. मग गावातला एक मुलगा विचारतो, ही सोन्याची साखळी तुला कुठे मिळाली? परीस हातात येऊन कधीचाच फेकला गेलेला असतो. रचनेत सगळा वृंद पुरुषांचा आणि त्या मुलाचा प्रश्न एकट्या सोप्रानोच्या, म्हणजे उंच पट्टीतल्या स्त्रीच्या आवाजात. तो आवाज आला की पोटात खड्डा पडतो. कामिलाला रोज उत्तर मागणारा माणूस ही कविता निवडतो, यात मला बरंच काही दिसतं.

---

केतकी_व

शमिका, खूप आभार. रचना ऐकली होती, पण परिसाच्या कवितेचा आणि पत्रांच्या काळाचा असा मेळ लावून पाहिला नव्हता. १९२२ ची पत्रं या नजरेने पुन्हा वाचते.

---

वाचक_नाशिक

ऑपेराचा गंध नाही, चेकचा नाही. कुठून सुरुवात करू? आणि त्याच्या मास्तरकीबद्दलही कुणीतरी लिहा. चांगला शिकवायचा का?

---

निषाद_कोमल

सुरुवात ‘सिन्फोनिएत्ता’पासून करा. १९२६ ची रचना, पंचवीसेक मिनिटांची, सुरुवातीलाच तुताऱ्यांचा ताफा. तिची कल्पना पीसेकच्या बागेत कामिलासोबत लष्करी बँड ऐकताना सुचली असं सांगतात, म्हणजे धाग्यालाही धरून आहे. मग ‘झाडाझुडपांच्या पायवाटेवर’ हे पियानोचे छोटे तुकडे. यातले बरेचसे ओल्गा गेल्याच्या आगेमागे लिहिलेले आहेत, रात्री ऐका. मग दुसरं क्वार्टेट. ऑपेरात ‘चतुर कोल्हीण’ आधी, ती वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेवरून केलेली. ‘येनूफा’ त्यानंतर, आणि भाषांतर समोर ठेवूनच.

---

मुकुंद सांगलीकर

मास्तरकीबद्दल. शिस्तीचा, तापट आणि स्वतःच्या सिद्धांतांत बुडालेला. लय आणि सुरावटींच्या जोडणीवर त्याने स्वतःची परिभाषा बनवली होती आणि विद्यार्थ्यांना ती घोटवायचा. पण ऑर्गन स्कूल ज्या काळात आणि ज्या तुटपुंज्या पैशांत चाललं, त्यात तो टिकून राहिला हेच मोठं. ब्रनोला शिकायचं तर व्हिएन्ना नाहीतर प्राग गाठा, ही परिस्थिती त्याने बदलली. ब्रेतिस्लाव बाकाला, ओस्वाल्ड ख्लुब्ना, विलेम पेत्रझेल्का हे पुढे नावारूपाला आलेले लोक त्याचे विद्यार्थी. कादंबरीकार मिलान कुंदेरा यांचे वडील, पियानोवादक लुडविक कुंदेरा, तेही त्याच्याकडे शिकले.

आणि पावेल हास. उच्च वर्गात १९२० ते १९२२ शिकला. गुरूची नक्कल न करता गुरूचं मर्म उचललेला हा एकच, असं माझं मत. मोरावियन लोकसंगीत आणि तुटक लय त्याने घेतली, पण त्यात जॅझ आणि सिनेगॉगमधलं गाणं मिसळून स्वतःचं काहीतरी केलं. तो ज्यू होता. नाझींनी त्याला तेरेझीनच्या छावणीत ठेवलं. तिथेही त्याने रचना केल्या, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झला नेऊन मारलं. वाचक_नाशिक, मास्तर कसा होता ते बघायचं तर हासचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट, १९२५ चं, ऐका. त्याच्या शेवटच्या भागात त्याने चक्क तालवाद्य घातलंय.

---

रेवा जोगळेकर

पावेल हासचं क्वार्टेट आत्ताच ऐकलं. विलक्षण आहे.

यानाचेकबद्दल एक शेवटचं विचारते. तो गेला तेव्हा कोण होतं जवळ?

---

केतकी_व

कामिला. ऑगस्ट १९२८ मध्ये ती धाकट्या मुलाला घेऊन हुक्वाल्दीला त्याच्याकडे राहायला आली होती. तिथे त्याला सर्दी होऊन न्यूमोनिया झाला. मुलगा रानात हरवला म्हणून शोधायला गेला आणि भिजला, अशी हकिकत सांगितली जाते. ऑस्त्रावाच्या दवाखान्यात नेलं आणि १२ ऑगस्टला तो गेला. झ्देन्काला वेळेत कळवलं गेलं नाही. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

त्याआधी दोनच दिवस, १० ऑगस्टपर्यंत, तो कामिलाजवळच्या एका वहीत लिहीत होता. ऑक्टोबर १९२७ पासून ती वही त्यांच्या भेटींची. त्यातच त्याने काही रचनांचं उत्पन्न, ‘कात्या काबानोव्हा’ आणि हे क्वार्टेट धरून, तिच्या नावे केलं होतं. त्यावरून पुढे झ्देन्का आणि कामिला यांच्यात कोर्टकचेरी झाली. क्वार्टेटचा पहिला जाहीर प्रयोग ११ सप्टेंबर १९२८ ला ब्रनोत झाला, त्याच्या माघारी महिन्याभराने.

झ्देन्का १९३८ मध्ये गेली. तिच्या आठवणींतला ऑस्त्रावाचा भाग मी पुढच्या प्रतिसादात सविस्तर देते. मूळ चेकवरून ब्रनोकर तपासून देणार असतील तर उत्तमच.

---

ब्रनोकर

जरूर. इथल्या एका चेक मैत्रिणीला सोबत घेऊन ते प्रकरण वाचतो आणि आठवड्याभरात इथेच टाकतो.